ज्वालामुखीनंतरची भूमी : माउंट सेंट हेलेन्स येथील निसर्गाचे पुनरुज्जीवन आणि त्याचे आकलन

सारांश

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी उद्रेक झाला. सुमारे ६०० चौरस किलोमीटर प्रदेश काही मिनिटांत उद्ध्वस्त झाला. १९८२ साली या प्रदेशाचा मोठा भाग राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक म्हणून संरक्षित करण्यात आला आणि तेथील निसर्गाला आपल्या गतीने सावरू द्यावे, असे धोरण ठरले. त्यानंतर तेथे झालेल्या निरीक्षणांनी वनस्पती-अनुक्रमणाच्या रूढ कल्पनेत महत्त्वाच्या दुरुस्त्या केल्या. प्रस्तुत लेखात उद्रेकाचे स्वरूप, जीवसृष्टीच्या पुनरागमनाची प्रक्रिया, त्यातील मानवी हस्तक्षेप आणि या भूमीला भेट देणाऱ्याने ती कशी पाहावी, यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : ज्वालामुखी, अनुक्रमण, जैविक वारसा, ल्युपिन, प्युमिस, संरक्षित क्षेत्र.

प्रस्तावना

महाविद्यालयीन स्तरावर पर्यावरण अभ्यास शिकविताना ‘अनुक्रमण’ ही संकल्पना हमखास येते. उघडा खडक, त्यावर दगडफूल, मग शेवाळ, मग गवत, झुडपे आणि अखेरीस स्थिर असे वन, ही साखळी बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका आकृतीच्या साहाय्याने समजावून दिलेली असते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने या विचाराला पद्धतशीर रूप दिले. त्याच्या मते वनस्पतिसमूह हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो आणि परिपक्व होतो. त्याचा समकालीन हेन्री ग्लीसन याने १९२६ साली या मताला छेद दिला. प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार व योगायोगाने एखाद्या ठिकाणी पोहोचते, ठरीव क्रम असा काही नसतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

हा वाद केवळ तर्काने सुटण्यासारखा नव्हता. त्यासाठी जिचा आरंभदिन निश्चित ठाऊक आहे आणि जिच्यावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवता येईल, अशी भूमी हवी होती. इंडोनेशियातील क्राकाताऊ बेटावर १८८३ च्या उद्रेकानंतर असे निरीक्षण झाले होते. उद्रेकानंतर सुमारे नऊ महिन्यांनी तेथे गेलेल्या निरीक्षकाला सजीव म्हणून केवळ एक कोळी आढळला, ही नोंद प्रसिद्ध आहे. परंतु क्राकाताऊ समुद्राने वेढलेले होते आणि तेथील नोंदी खंडित होत्या. माउंट सेंट हेलेन्सच्या बाबतीत मात्र उद्रेकानंतर काही आठवड्यांतच जीवशास्त्रज्ञ त्या राखेवर उतरले. त्यांपैकी काहींनी आपली संपूर्ण कारकीर्द तेथेच व्यतीत केली. म्हणूनच या पर्वताचे महत्त्व केवळ भूगोलाच्या अभ्यासकापुरते मर्यादित राहत नाही.

उद्रेकाचा घटनाक्रम

माउंट सेंट हेलेन्स हा कॅस्केड पर्वतरांगेतील ज्वालामुखी आहे. हुआन दे फूका हा लहान सागरी भूपट्ट उत्तर अमेरिकी भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे ही ज्वालामुखींची रांग निर्माण झाली आहे. १८५७ नंतर हा पर्वत शांत होता. २,९५० मीटर उंचीचा, हिमाच्छादित, जवळजवळ सममित असा हा शंकू आणि त्याच्या उत्तरेच्या पायथ्याशी असलेले स्पिरिट लेक हे सरोवर सहलीसाठी लोकप्रिय होते. स्थानिक आदिवासी जमातींच्या परंपरेत हा पर्वत पूर्वापार पवित्र व धुमसणारा म्हणून ओळखला जातो.

मार्च १९८० मध्ये भूकंपाचे धक्के सुरू झाले. २७ मार्चला वाफेचा पहिला स्फोट झाला. त्यानंतर पर्वताच्या उत्तर उतारावर एक फुगवटा दिसू लागला. आत शिरणाऱ्या शिलारसामुळे हा उतार दिवसाला सुमारे दोन मीटर या वेगाने बाहेर सरकत होता. १८ मे, रविवार, सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी ५.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हा संपूर्ण उतार कोसळला. इतिहासात नोंदलेल्या भूस्खलनांत हे सर्वांत मोठे मानले जाते. सुमारे अडीच घन किलोमीटर खडक, बर्फ व माती खाली आली आणि टूटल नदीच्या उत्तर शाखेचे खोरे सुमारे २३ किलोमीटर लांबीपर्यंत सरासरी ४५ मीटर जाडीच्या थराने भरून गेले.

वरचा भार अकस्मात नाहीसा झाल्यामुळे आतील दाबाखालचा शिलारस व वायू आडव्या दिशेने बाहेर फुटले. उष्ण वायू, राख आणि दगड यांचा हा लोट ताशी ४८० किलोमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे पसरला आणि त्याने शतकानुशतके उभे असलेले सूचिपर्णी वृक्ष काडीसारखे आडवे केले. त्यापाठोपाठ राखेचा स्तंभ सुमारे २४ किलोमीटर उंचीपर्यंत गेला. हा उद्रेक नऊ तास चालला. वितळलेल्या बर्फाबरोबर वाहिलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी २७ पूल आणि सुमारे २०० घरे नष्ट केली. पर्वताची उंची सुमारे ४०० मीटरने घटली आणि शिखराच्या जागी उत्तरेकडे उघडे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे विवर उरले.

या उद्रेकात ५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुतेकजण प्रशासनाने निषिद्ध ठरविलेल्या हद्दीच्या बाहेर होते. धोक्याचा अंदाज होता, पण स्फोट आडव्या दिशेने होईल आणि इतका दूर पोहोचेल, हे गृहीत धरले गेले नव्हते. पर्वतापासून सुमारे १० किलोमीटरवरील निरीक्षणस्थळी असलेला डेव्हिड जॉन्स्टन हा तीस वर्षांचा ज्वालामुखीतज्ज्ञ त्यांत होता. त्या स्थळी आदल्या दिवसापर्यंत हॅरी ग्लिकन हा त्याचा तरुण सहकारी होता. तो वाचला, या भूस्खलनाचाच त्याने सखोल अभ्यास केला आणि ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीवर तोही मृत्युमुखी पडला. या विषयातील ज्ञान कोणत्या मोलाने मिळाले आहे, याची जाणीव या दोन नावांमुळे होते.

एक आपत्ती, अनेक भूमी

‘उद्ध्वस्त प्रदेश’ असे एकवचनी वर्णन सोयीचे असले तरी प्रत्यक्षात या उद्रेकाने भिन्न गुणधर्मांच्या भूमी निर्माण केल्या. त्यांतील भेद समजल्याशिवाय पुढील पुनरुज्जीवन समजत नाही.

पहिला भाग प्युमिसच्या मैदानाचा. विवर व स्पिरिट लेक यांच्या दरम्यानच्या सुमारे १५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर भूस्खलनाचा मलबा, मग आडवा स्फोट आणि त्यावर तप्त प्युमिसचे लोट असे थरावर थर साचले. प्युमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला, पाण्यावर तरंगणारा हलका ज्वालामुखीय दगड. येथे पूर्वीचे काहीही जिवंत राहिले नाही. दुसरा भाग भूस्खलनाच्या मलब्याचा. सुमारे ६० चौरस किलोमीटरच्या या भागात उंचसखल टेकाडे आणि त्यांमधल्या खळग्यांत शंभराहून अधिक नवी तळी तयार झाली. तिसरा आणि सर्वांत विस्तृत, सुमारे ३७० चौरस किलोमीटरचा भाग आडव्या पडलेल्या वृक्षांचा. चौथा भाग या सर्वांच्या कडेचा. तेथे वृक्ष उभे राहिले, पण उष्णतेने होरपळून मेले. त्यापलीकडे केवळ राख पडली.

पाठ्यपुस्तकी परिभाषेत पहिल्या भागात प्राथमिक अनुक्रमण आणि उरलेल्या भागांत बहुतांशी द्वितीयक अनुक्रमण घडले, असे म्हणता येईल. प्रत्यक्षात मात्र या दोहोंमधली सीमारेषा चालता चालता काही पावलांत ओलांडली जाते.

जे उरले त्याचे महत्त्व

उद्रेकानंतर प्रथम उतरलेल्या शास्त्रज्ञांची अपेक्षा अशी होती की, जीवसृष्टी बाहेरून, कडेकडून हळूहळू आत येईल. परंतु राखेतून वर आलेले कोंब, मुंग्यांची हालचाल आणि जमिनीखालून उकरलेल्या मातीचे ताजे ढीग पाहून ही अपेक्षा बदलावी लागली. आडव्या पडलेल्या वृक्षांच्या प्रदेशात बरेच काही जिवंत उरले होते.

यामागे वेळेचा मोठा वाटा होता. मे महिन्यात उंचावरील उतारांवर अद्याप बर्फ होते. त्या बर्फाखालील लहान झाडे व झुडपे सुरक्षित राहिली. अनेक सरोवरांवर बर्फाचा थर असल्याने त्यांतील मासे व उभयचर वाचले. स्फोट सकाळी झाल्यामुळे रात्री संचार करणारे लहान प्राणी आपापल्या बिळांत परतलेले होते. हरीण, एल्क, अस्वल यांसारखे मोठे प्राणी मात्र वाचू शकले नाहीत. अशा सुमारे ७,००० प्राण्यांचा मृत्यू झाल्याचा अंदाज राज्याच्या वन्यप्राणी विभागाने वर्तविला होता. हाच उद्रेक ऑगस्टमध्ये किंवा मध्यरात्री झाला असता, तर वाचलेल्यांची यादी निराळी झाली असती. ग्लीसनने ज्या योगायोगावर भर दिला होता, त्याचा हा ठळक प्रत्यय होय.

जेरी फ्रँकलिन या वनशास्त्रज्ञाने अशा उरलेल्या घटकांसाठी ‘जैविक वारसा’ ही संकल्पना पुढे आणली. त्यात जिवंत उरलेली झाडे, मुळे, बिया व प्राणी येतातच. मृत उभे बुंधे, पडलेले ओंडके आणि पुरलेली जुनी मातीही त्यात येते. पडलेला ओंडका सावली देतो, ओलावा धरतो, कीटकांना आसरा देतो व कुजून मातीत मिसळतो. आपत्तीने काय नष्ट केले यापेक्षा काय मागे ठेवले, यावर पुढील पुनरुज्जीवनाचा वेग व दिशा ठरते, हा या अभ्यासाचा मध्यवर्ती निष्कर्ष आहे.

या संदर्भात पॉकेट गोफर या बिळात राहणाऱ्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्याचे उदाहरण बोधप्रद आहे. एरवी शेतकरी व वनपाल त्याला उपद्रवी मानतात. उद्रेकानंतर राखेखाली जिवंत राहिलेल्या गोफरांनी बिळे उकरताना खालची जुनी माती वर आणली. तिच्याबरोबर बिया, जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे बीजाणूही वर आले. त्यांच्या बिळांनी पुढे बेडकांच्या वर्गातील प्राण्यांना उन्हापासून आसरा दिला.

हे लक्षात घेऊन १९८३ साली मायकेल अ‍ॅलन आणि जेम्स मॅकमहन यांनी एक प्रयोग केला. प्युमिसच्या मैदानावरील मर्यादित भूखंडांवर गोफर आणून त्यांना केवळ एक दिवस ठेवण्यात आले. त्या वेळी तेथे मोजकीच झाडे होती. सहा वर्षांनी या भूखंडांवर सुमारे ४०,००० रोपे नोंदली गेली. लगतची भूमी मात्र बव्हंशी उजाडच होती. या प्रयोगाच्या खुणा तेथील सूक्ष्मजीवांत चार दशकांनंतरही दिसतात, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. ‘गोफरांनी पर्वत वाचविला’ अशा आशयाच्या बातम्या यानंतर आल्या. तसा अर्थ काढणे अतिशयोक्तीचे ठरेल. प्रयोगातून इतकेच सिद्ध होते की, जुन्या मातीतील सूक्ष्मजीव नव्या भूमीवर पोहोचले तर वनस्पतींची वाढ लक्षणीय सुलभ होते.

प्युमिसच्या मैदानावरील आरंभ

जेथे काहीच उरले नव्हते, त्या मैदानाची कथा वेगळी आहे. येथे दगडफुलापासून आरंभ झाला नाही. येथे सर्वप्रथम वाऱ्याने कीटक व कोळी आणले. आपल्या धाग्यांच्या आधारे दूरवर तरंगत जाणारे कोळी आणि वाऱ्याबरोबर येणारे असंख्य कीटक या मैदानावर पडत राहिले. त्यांतील बहुतेक तेथेच मेले. परंतु त्यांच्या मृत देहांनी या निकस भूमीला पहिली सेंद्रिय द्रव्ये पुरविली, असे जॉन एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले. वनस्पतींच्या आधी प्राणी, असा हा उलटा वाटणारा क्रम होता.

वनस्पतींमध्ये येथे प्रथम रुजली ती ल्युपिन ही जांभळट-निळ्या फुलांची बुटकी वनस्पती. हरभरा, तूर, वाटाणा यांच्याच कुळातली. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. प्युमिसमध्ये नायट्रोजन जवळजवळ नसल्यामुळे ही क्षमता निर्णायक ठरली. ल्युपिनचे आयुष्य अल्प असते. ती मेल्यावर तिच्या अवशेषांनी माती समृद्ध होते, तिच्या झुडपांत वाऱ्याने आलेले बी अडकते व इतर जाती रुजतात. डोंगराच्या शेतीत द्विदल पिकाचा फेरपालट ज्या तत्त्वावर केला जातो, त्याच तत्त्वाचा हा नैसर्गिक आविष्कार आहे.

यावरून ल्युपिनचा प्रसार अखंड व वेगवान झाला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. जॉन बिशप व विल्यम फेगन यांनी दाखवून दिले की, ल्युपिनच्या मुख्य ताटव्यांपेक्षा कडेच्या विरळ, नव्याने पसरणाऱ्या रोपांवर अळ्यांचा प्रादुर्भाव अधिक होता. त्यामुळे प्रसाराची गती बरीच मंदावली. पुढे ओढ्यांच्या काठी आलेल्या विलो झुडपांनाही बाहेरून आलेल्या एका खोडकिड्याने असेच रोखून धरले. १९७७ साली जोसेफ कॉनेल व राल्फ स्लॅटियर यांनी अनुक्रमणाचे तीन मार्ग सांगितले होते : आधीच्या जातीने पुढच्या जातीला साहाय्य करणे, तिला केवळ सहन करणे किंवा तिला अटकाव करणे. या मैदानावर एकाच ल्युपिनच्या संदर्भात हे तिन्ही मार्ग निरनिराळ्या वेळी व जागी आढळतात. शिवाय भक्षक कीटकांचा चौथा घटक त्यांत भर घालतो.

चार दशकांनंतर या मैदानावर अल्डर व विलोची झुडपे, गवत व फुलझाडे आहेत, झऱ्यांच्या काठी दाट हिरवाई आहे, एल्कचे कळप चरताना दिसतात. परंतु पूर्वीचे घनदाट अरण्य तेथे परतलेले नाही. एरवी गवताळ प्रदेशात आढळणारे चंडोलवर्गीय पक्षी येथे घरटी करू लागले. म्हणजे निसर्गाने जुनेच चित्र पुन्हा रेखाटलेले नाही.

स्पिरिट लेक

सरोवराची कहाणीही अशीच आहे. भूस्खलन सरोवरात कोसळल्यावर पाणी समोरच्या डोंगरउतारावर सुमारे २६० मीटर उंचीपर्यंत उसळले आणि परत येताना हजारो वृक्ष घेऊन आले. सरोवराचा तळ बराच उंचावला. पाण्यात सेंद्रिय द्रव्यांचा प्रचंड साठा झाल्याने जिवाणू वाढले आणि प्राणवायू संपुष्टात आला. ते सरोवर कायमचे मृत झाले, असे तेव्हा वाटणे साहजिक होते. परंतु पाऊस, वितळलेल्या बर्फाचे पाणी आणि वाऱ्याने होणारे अभिसरण यांमुळे काही वर्षांतच पाणी निवळले. १९९३ मध्ये तेथे ट्राऊट मासे आढळले. ते कोणीतरी आणून सोडले असावेत, असे मानले जाते. ओंडक्यांचा विशाल तराफा अद्यापही वाऱ्याच्या दिशेप्रमाणे या काठावरून त्या काठाकडे सरकत असतो.

मानवी हस्तक्षेप : दोन वाटा

ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने सुमारे १ लाख १० हजार एकर क्षेत्र राष्ट्रीय ज्वालामुखी स्मारक झाले. येथील भूशास्त्रीय व जैविक प्रक्रिया शक्यतो अबाधित राहाव्यात, ही त्या कायद्याची मूळ भूमिका आहे. सीमेबाहेरील खाजगी वनभूमीवर मात्र वेगळे धोरण अवलंबिले गेले. वेयरहॉयझर या लाकूड कंपनीने पडलेले वृक्ष उचलले आणि राखेखालील मातीपर्यंत खणून सुमारे १ कोटी ८४ लाख रोपे हाताने लावली. तेथे अल्पावधीत उंच वन उभे राहिले. त्यातील वृक्ष बहुतांशी एकाच वयाचे आहेत.

या दोन वाटांची तुलना करताना कोणती ‘यशस्वी’ ठरली, हे उद्दिष्टावर अवलंबून राहते. लाकूड हवे असेल तर लागवड यशस्वी ठरली. विविधता व ज्ञान हवे असेल तर मोकळ्या सोडलेल्या भूमीने अधिक दिले. सूचिपर्णी वृक्षांची छाया दाटण्यापूर्वीच्या मधल्या टप्प्यात फुलझाडे, झुडपे, पक्षी व कीटक यांची जी रेलचेल असते, ती लागवडीत फार अल्पकाळ टिकते.

हस्तक्षेपाचा हेतू चांगला असूनही परिणाम विपरीत होऊ शकतो, याचेही उदाहरण येथे आहे. धूप थांबावी म्हणून १९८० मध्ये मलब्याच्या काही भागावर हेलिकॉप्टरमधून बाहेरच्या गवताचे व द्विदल वनस्पतींचे बी पेरण्यात आले. व्हर्जिनिया डेल यांनी केलेल्या दीर्घकालीन निरीक्षणांत अशा भागांत परकीय जातींचे प्रमाण वाढल्याचे आणि स्थानिक सूचिपर्णी रोपांना त्याचा उपद्रव झाल्याचे दिसले.

तथापि, ‘निसर्ग सर्व काही आपोआप भरून काढतो’ असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे होईल. २०२४ च्या ज्या संशोधनाचा उल्लेख वर आला, त्यातच दोन वनभूमींची तुलना आहे. एक भूमी जुन्या अरण्याची होती. उद्रेकात तेथील वृक्षांची पाने राखेने झडली, परंतु मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीने त्या पानांतील पोषकद्रव्ये मिळवून वृक्षांना पुन्हा उभे केले. दुसरी भूमी उद्रेकापूर्वीच सरसकट तोडलेली होती. तेथे ना पाने होती, ना वृक्षांवर पोसली जाणारी बुरशी. ती सावरण्यास फार मागे राहिली. निसर्गाची सावरण्याची शक्ती ही आपत्तीपूर्वी त्या भूमीचे काय केले गेले, यावरही अवलंबून असते. या निरीक्षणातील इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अभ्यागताची वाट

पश्चिमेकडील कॅसल रॉक या गावाहून ५०४ क्रमांकाच्या राज्यमार्गाने पर्वताकडे जाणाऱ्या अभ्यागताला वरील सर्व टप्पे क्रमाने दिसतात. प्रथम टूटल नदीचे गाळाने भरलेले रुंद पात्र, मग दोन्ही बाजूंना एकसारख्या उंचीचे लागवडीचे वन आणि स्मारकाची सीमा ओलांडताच विरळ, असमान, मिश्र हिरवाई. कोल्डवॉटर हे सरोवर उद्रेकापूर्वी अस्तित्वातच नव्हते. मलब्याने ओढा अडल्यामुळे ते तयार झाले. त्याच्या परिसरातून सुमारे चार किलोमीटरची एक पायवाट मलब्याच्या टेकाडांमधून फिरते. या पायवाटेवरील प्रत्येक टेकाड हा पूर्वीच्या पर्वतशिखराचा तुकडा आहे आणि दोन टेकाडांमधील तळ्यात आज अल्डरची सावली व बेडकांचे आवाज आहेत, हे माहीत असणाऱ्याला तेथील चाल निराळी वाटते.

पर्वतासमोरील कड्यावर १९९७ साली जॉन्स्टनच्या नावाची वेधशाळा अभ्यागतांसाठी उघडण्यात आली. १४ मे २०२३ रोजी झालेल्या भूस्खलनाने तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पूल वाहून नेला आणि हा मार्ग बंद करावा लागला. ही भूमी अद्याप स्थिर झालेली नाही, याचे हे स्मरण होय. विवरात २००४ ते २००८ या काळात पुन्हा लाव्हाचा घुमट वाढला. विशेष म्हणजे त्याच विवरात, दक्षिण कड्याच्या सावलीत, १९८० नंतर एक नवी हिमनदी तयार झाली आणि तिने घुमटाला वेढा घातला.

संशोधनासाठी राखीव क्षेत्रात पायवाट सोडून चालण्यास मनाई आहे, नियम मोडणाऱ्यास दंड होतो आणि प्युमिसचा खडा उचलून नेण्यासही परवानगी नाही. प्रथमदर्शनी हे नियम जाचक वाटतात. परंतु अभ्यागताच्या बुटाला चिकटून आलेले एक बी किंवा ल्युपिनच्या ताटव्यातून गेलेली एक आडवाट अनेक वर्षांच्या नोंदी बिघडवू शकते. येथे न केलेली कृती हीच संरक्षणाची कृती ठरते.

सुरक्षितता आणि संशोधन

‘अबाधित’ या शब्दाला मात्र येथेही मर्यादा आहे. भूस्खलनाने स्पिरिट लेकचा नैसर्गिक निचरा बंद झाला. पाणी वाढत जाऊन मलब्याचा बांध फुटला असता, तर खालच्या खोऱ्यातील गावांवर चिखलाचा प्रलय ओढवला असता. म्हणून आधी पंपांनी पाणी उपसण्यात आले आणि १९८५ साली सुमारे २.६ किलोमीटर लांबीचा बोगदा पूर्ण करून पाण्याची पातळी नियंत्रित करण्यात आली. या बोगद्याची वेळोवेळी दुरुस्ती करावी लागली आहे. त्याच्या मुखाची यंत्रणा बदलण्यासाठी प्युमिसच्या मैदानातून रस्ता करण्याचा प्रस्ताव वनविभागाने पुढे आणला, तेव्हा शास्त्रज्ञ व निसर्गसंरक्षक संघटनांनी हरकत घेतली. चार दशके जपलेले अभ्यासभूखंड या रस्त्याने बाधित होतील, हा त्यांचा मुद्दा होता. खालच्या खोऱ्यातील लोकांचा जीव धोक्यात घालता येत नाही, हा वनविभागाचा मुद्दा होता. दोन्ही बाजू सार्वजनिक हिताच्याच असल्यामुळे येथे खलनायक कोणी नाही. पर्यावरणविषयक निर्णयांची खरी कठीणता अशाच प्रसंगी स्पष्ट होते.

दख्खनचा संदर्भ

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय वाटतो तितका परका नाही. सह्याद्री व दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेले आहे. तो उद्रेक स्वरूपाने निराळा होता. तेथे भेगांतून वाहणारा बेसॉल्टचा लाव्हा होता, सेंट हेलेन्ससारखा स्फोट नव्हे. परंतु दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तेथेही जीवन परतत होते. घाटरस्त्यांवर काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा हे त्या मधल्या काळात खडक झिजल्याचे व माती तयार झाल्याचे चिन्ह मानले जाते. नागपूर व छिंदवाडा परिसरातील लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. लाव्हा, तळे, वनस्पती आणि पुन्हा लाव्हा, असा हा इतिहास आहे. सेंट हेलेन्सवर जे चार दशकांत नजरेसमोर घडले, त्याचे अतिप्राचीन पुरावे येथील खडकांत आहेत. वर्गात अनुक्रमण शिकविताना जवळच्या घाटातील अशा पट्ट्याचे दर्शन विद्यार्थ्यांना निश्चितच घडविता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अनुक्रमण हा ठरीव पायऱ्यांचा जिना नसून वारसा, योगायोग, साहाय्य व अटकाव यांच्या परस्परक्रियेतून घडणारी प्रक्रिया आहे. पाठ्यपुस्तकातील आकृती ही ओळख करून देण्यापुरती उपयुक्त आहे, तिला नियम समजू नये. दुसरी, पुनरुज्जीवन म्हणजे पूर्वस्थितीची पुनरावृत्ती नव्हे. तिसरी, निसर्गाची सावरण्याची शक्ती अमर्याद नाही. ती मातीत, बुरशीत, ओंडक्यांत आणि बिळांत साठविलेली असते व तो साठा माणूस आधीच रिता करू शकतो. चौथी, दीर्घकालीन निरीक्षणाला पर्याय नाही. पहिल्या दोन वर्षांत काढलेले कित्येक निष्कर्ष विसाव्या वर्षी बदलावे लागले.

या भूमीला भेट देणारा बहुधा विनाशाची भव्यता पाहण्यासाठी जातो. विवराचे विराट मुख त्याचे लक्ष प्रथम वेधून घेते, यात नवल नाही. परंतु त्या प्रदेशाचे खरे शिक्षण पायवाटेच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्युमिसमधून वर आलेल्या एखाद्या ल्युपिनपाशी मिळते. तेथे थांबून तिच्या पानांवरील अळी आणि तिच्या आधाराने रुजलेले शेजारचे रोप या दोहोंची नोंद घेणारा अभ्यागतच या भूमीचा अभ्यासक होतो.